आईला कोणी विचारलंच नव्हतं

आईला सप्तशृंगीच्या गडावर न्यायचं हे गेल्या दिवाळीपासून ठरत होतं. शेवटी ऑगस्टअखेर गेलो, पुण्याहून, माझ्या गाडीने, चार दिवसांसाठी. गड झाला, त्र्यंबक झालं, रामकुंडही झालं. पण घरी आल्यापासून डोळ्यांसमोर येतंय ते नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गल्लीतलं पत्र्याचं दुकान, आणि तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून एका वायरमनच्या प्रश्नांना उत्तरं देणारी माझी आई. तेच लिहायला बसले आहे.

गाडी 2008 सालची, पेट्रोलवरची, छोटी. मी तिची तिसरी मालकीण. दोन वर्षं तिने कुरकुर केली नव्हती. जूनपासून मात्र एक खोड लागली. चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायचा, हेडलाइट मंद व्हायचे, इंजिन उचकी दिल्यासारखं करायचं आणि पुढच्याच क्षणी सगळं जागेवर. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका संध्याकाळी तीनदा. एकदोनदा सिग्नलला बंद पडली आणि सेल्फ मारला तर नुसतं ‘टक्’. पाच मिनिटांनी आपोआप सुरू.

पुण्यात तीन ठिकाणी दाखवली. पहिल्याने बॅटरी बदलली, 4,800 रुपये. सोळा दिवस गाडी अगदी शहाण्यासारखी चालली. पुन्हा तेच सुरू झाल्यावर दुसऱ्याने अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, उतरवून दुरुस्त करून बसवला, 5,500 रुपये. त्यानंतरचे तीन आठवडे बरे गेले. तिसऱ्याकडे नेली तेव्हा गाडीने काहीच करून दाखवलं नाही. त्याने चावीचा स्विच बदलायला सांगितला आणि मला विचारलं, “मॅडम, मिस्टरांना पाठवता का? त्यांच्याशी बोलतो.” गाडी मी चालवते, बिल मी भरते, बिघाड मी अनुभवते. त्या माणसाला माझ्याशी बोलायचंच नव्हतं. मी स्विच न बदलता परत आले आणि संतापाच्या भरात ठरवलं की नाशिकला याच गाडीने जायचं. हा निर्णय चुकीचा होता हे कबूल करते. बहात्तर वर्षांच्या आईला मागे बसवून, बिघाड सापडला नसताना, दोनशे किलोमीटरच्या प्रवासाला निघायला नको होतं.

आळेफाट्यापर्यंत ठीक गेलं. संगमनेरला चहा घेतला. सिन्नरच्या अलीकडे अंधार पडला, पावसाची भुरभुर सुरू झाली आणि एका गतिरोधकानंतर गाडी उठवताना समोरच्या रस्त्यावरचा उजेड एकदम पिवळा पडला. मागून ट्रक. माझे हात गार पडले. दोन-तीन सेकंदांत उजेड परत आला. आई काही बोलली नाही. मला वाटलं, तिला डुलकी लागली असेल. इंदिरानगरला मावशीकडे पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. तिने पिठलं-भाकरी आणि उकडलेल्या शेंगा समोर ठेवल्या. नातेवाइकांकडे उतरलं की आराम मिळत नाही असं माझं एरवीचं मत आहे, पण त्या रात्री त्या ताटाइतकं सुख कुठल्याच हॉटेलात मिळालं नसतं.

सकाळी रामकुंडावर जायला निघालो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघायची मावशीला घाई. नाशिककर पूर मोजतात तो त्या मारुतीवरून, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं असं. मुंबई नाक्यावरून पुढे द्वारका चौकात सिग्नलला थांबलो. हिरवा दिवा लागला, क्लच सोडला, गाडीने हिसका दिला आणि इंजिन बंद. सेल्फ मारला तर ‘टक्’.

द्वारकेबद्दल नाशिकचा माणूस काय बोलतो ते मी लहानपणापासून ऐकते आहे. उड्डाणपूल झाला, तरी खालची कोंडी काही गेली नाही. त्यात कुंभाची कामं सुरू, 2015 नंतरचा सिंहस्थ तोंडावर आलेला, जागोजागी रस्ता उकरलेला. मागून हॉर्नचा नुसता मारा. पण दोन रिक्षावाले स्वतःहून उतरले. “ताई, न्यूट्रल करा” म्हणाले आणि धक्का देऊन गाडी कडेला घेतली. त्यातला एक म्हणाला, “मेकॅनिककडे नेऊ नका. वायरिंगचं आहे. या गल्लीत चाचा आहेत, त्यांना दाखवा.” दोघांनी पैसे घेतले नाहीत.

चाचा साठीच्या पुढचे. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक बाक, भिंतीला लटकलेली वायरींची भेंडोळी आणि हाताशी एक पोरगा. मी घडाघडा सांगायला लागले, बॅटरी नवी आहे, अल्टरनेटर केलाय, स्विच जायच्या मार्गावर आहे. त्यांनी हात वर करून थांबवलं. “बेटा, काय काय बदललं ते नंतर. आधी सांगा, होतं कधी?”

म्हणजे कसं, हेच मला कळेना. तेच एकेक विचारत गेले. इंजिन गरम असताना की थंड असताना? पावसात जास्त होतं का? ए.सी. चालू होता? वळणावर? उजव्या की डाव्या? ब्रेक दाबल्यावर? गाडी उभी असताना नुसत्या इंजिनवर कधी झालंय? मी दोन-तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि अडकले. चालवताना माझं लक्ष रस्त्यावर, भीतीवर आणि मागच्या ट्रकवर. सगळ्यात आधी मनात येतं ते ‘पुन्हा झालं’, ‘कधी झालं’ हे नाही.

मग चाचा आईकडे वळले. “आजी, तुम्ही मागे बसता ना? तुम्ही काय बघितलं?”

आई खुर्चीत सरळ झाली आणि पाठ असल्यासारखी बोलू लागली. “गाडी जागेवरून उठताना हिसका बसला, की समोरच्या गाडीवर पडलेला आपला उजेड मंदावतो. चढावर हळू चालवताना पण होतं. सपाट रस्त्यावर एका चालीने जाताना नाही. मागे घेताना तर एकदाही झालं नाही. आणि उजेड गेलेला असताना चाक खड्ड्यात आदळलं की परत येतो.”

मी तिच्याकडे बघत राहिले. “आई, मला का नाही सांगितलंस?”

“तू त्या तिघांकडे जात होतीस. त्यांनी काही विचारलं नाही. मला वाटलं, त्यांना माहीतच असेल.”

संध्याकाळी दवाखान्यात, भाजीला, देवळात, प्रत्येक वेळी ती मागच्या सीटवर बसून बघत होती. सिन्नरलाही ती जागीच होती. मी तिला डुलकी लागली असं धरून चालले होते.

चाचांनी मान हलवली आणि बोनेट उघडायला सांगितलं. पुढचा तास-दीड तास मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांनी एकदाही मला ‘तुम्ही बसा’ म्हटलं नाही. उलट मीटरचा आकडा मलाच वाचायला लावला.

आधी गाडी बंद ठेवून बॅटरी मोजली. 12.3 व्होल्ट. अडीच महिन्यांची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास दाखवायला हवं. गाडी सुरू केली, तर 14.1. म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत होता, पण बॅटरी काही पुरती भरत नव्हती. मग त्यांनी मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसवर धरली आणि लाल तार इंजिनच्या उघड्या धातूवर. मी गोंधळले. दोन्ही तारा मायनसवरच, मग मोजायचं काय? चाचा म्हणाले, “दुतोंड्या मारुती बघितलाय ना? पाणी त्याच्या पायाशी असलं तर नदी ठीक. कमरेला आलं तर पुढे कुठेतरी पाण्याला वाट मिळत नाही. हा आकडा तसा. शून्याजवळ असला पाहिजे.”

हेडलाइट लावून गाडी उभी होती. आकडा 0.05. म्हणजे काही बिघाड नाही. पुण्यातल्या कुणी हे मोजलं असतं, तरी त्याला बिघाड सापडला नसता, कारण उभ्या गाडीत तो नव्हताच.

मग त्यांनी मला आत बसवलं. हँडब्रेक ओढा, ब्रेक पक्का दाबा, रिव्हर्स टाका, क्लच थोडाच सोडा. पोरगा मीटर धरून बाजूला, गाडीच्या समोर कुणी नाही याची त्यांनी स्वतः खात्री केली. इंजिन एका अंगाला कललं. आकडा हलला नाही. “आता फर्स्ट.” क्लच सोडला, इंजिन उलट्या अंगाला उचललं गेलं आणि पोरगा ओरडला, “दोन! दोन पॉइंट तीन!” त्याच क्षणी समोरच्या भिंतीवरचा हेडलाइटचा उजेड पिवळा पडला. आई खुर्चीतून म्हणाली, “हे. हेच.”

इंजिन रबराच्या माउंटवर बसवलेलं असतं. गाडी उठताना ते एका बाजूला कलतं, रिव्हर्समध्ये दुसऱ्या बाजूला. बॅटरीच्या मायनसपासून गिअरबॉक्सपर्यंत जी जाड काळी केबल जाते, ती पुढे उठताना ताणली जात होती. चाचांनी थिंबलजवळचं, म्हणजे केबलच्या टोकाला नटाखाली बसणाऱ्या धातूच्या कडीजवळचं, प्लॅस्टिक ब्लेडने चिरलं. आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून पिठासारख्या झालेल्या, बहुतेक तुटलेल्या, जेमतेम पाच-सहा एकमेकींना टेकलेल्या. बाहेरून केबल धडधाकट. उभ्या गाडीत त्या तारा टेकून राहायच्या, हिसक्याने सुटायच्या, खड्ड्याच्या धक्क्याने पुन्हा टेकायच्या. सेल्फला एका वेळी शेकड्यांनी अँपिअर लागतात. तेवढा करंट पाच तारांतून कुठून जाणार? म्हणून ते ‘टक्’.

आणि आधीच्या दुरुस्त्या काही दिवस का टिकल्या तेही तिथेच कळलं. बॅटरी बदलताना ही केबल काढून पुन्हा लावली गेली, अल्टरनेटरच्या वेळीही ती हलली. हलल्यामुळे तारा जरा बऱ्या टेकल्या. आम्ही सगळ्यांनी श्रेय नव्या पार्टला दिलं.

चाचांनी अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावायला सांगितला. तिचं वेष्टण एका ठिकाणी मऊ होऊन सुरकुतलं होतं. मुख्य वाट बंद झाली की करंट मिळेल त्या धातूवरून परत जातो, त्यात ही बारीक केबलही आली, आणि ती तापते. जुलैपासून पेडल मला जड वाटत होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण दिव्यांशी त्याचा संबंध असेल असं मला वाटलंच नाही.

केबल बदलण्याआधी त्यांनी जंपची जाड वायर बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जोडली आणि पुन्हा मला फर्स्ट टाकायला लावलं. आकडा जागचा हलला नाही. “आता बदलतो,” म्हणाले. खात्री झाल्याशिवाय त्यांनी पाना हातात घेतला नाही, हे मला फार भावलं. वेल्डिंगच्या केबलचा जाड तुकडा कापला, नवी थिंबलं दाबून बसवली, वर सोल्डरचा डाग दिला, गिअरबॉक्सवरची जागा काचपेपरने चकचकीत घासली, नट आवळला आणि वरून ग्रीस. केबल थोडी ढिली ठेवली, इंजिन कललं तरी ताण पडू नये म्हणून. शेवटी गाडी बंद करून किती करंट खाते तेही मोजलं, 30 मिलिअँपिअर. 50 च्या आत असलं की काळजी नाही.

बिल झालं 650 रुपये. अॅक्सिलरेटरची केबलही बदलून घ्या म्हणाले, पण ती त्यांच्याकडे नव्हती, म्हणून तिचे पैसे लावले नाहीत. मी जास्त द्यायला लागले तर घेतले नाहीत. चहा मात्र आम्हालाच पाजला, आईला बिनसाखरेचा, तिने न सांगता. त्यांनी औषधाची पिशवी बघितली होती.

त्या दिवशी रामकुंडावर जाईपर्यंत दुपार झाली. मारुतीच्या गुडघ्याला पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी गड. नांदुरीच्या घाटात मी मुद्दाम हळू गाडी घेतली, फर्स्ट, सेकंड, पुन्हा फर्स्ट. काही झालं नाही. वर 2018 मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्या न चढता आईला दर्शन झालं. तिला गुडघ्यांमुळे दहा वर्षं वर जाता आलं नव्हतं, ती बराच वेळ हात जोडून उभी होती. त्र्यंबकला श्रावणातली गर्दी, साडेतीन तासांची रांग, म्हाताऱ्या माणसांना टेकायलाही जागा नाही. पुन्हा श्रावणात जाणार नाही. नाशिकची मिसळ खाल्ली, पापड आणि दही घेऊन, चांगली होती.

परतताना मावशीने शेंगांची पिशवी दिली. सिन्नर सोडलं, अंधार पडला. पुण्याकडे येताना चंदनापुरीचा घाट चढायचा असतो, आणि चढ हीच तर या गाडीची दुखरी जागा होती. पुढे लोड घेतलेला ट्रक रांगत होता, त्याच्या मागे मी सेकंडमध्ये, मध्येच फर्स्ट. ट्रकच्या पाठीवर पडलेला आमचा उजेड मी पाहत राहिले. पांढरा होता, तसाच राहिला.

“आई, बघतेस ना?” मी विचारलं. उत्तर नाही. आरशात पाहिलं तर तिची मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, पिशवी मांडीवर.

आळेफाट्याच्या दिव्यांत तिला जाग आली. “घाट गेला का?” म्हणाली.

“मघाशीच.”

“बरं झालं,” म्हणाली, आणि शेंगा सोलायला घेतल्या.