महाबळेश्वरला बर्फ पडतो का?

डिसेंबर-जानेवारीत थंडीचा कडाका वाढला की माझ्या फोनवर तेच फोटो येऊ लागतात. वेण्णा तलावाच्या काठच्या पांढऱ्या झालेल्या फळ्या, लिंगमळ्यातलं पांढरं गवत, गाडीच्या टपावरून नखाने खरवडलेला थर. आणि खाली प्रश्न: "मॅडम, बर्फ पडला ना महाबळेश्वरला?" मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे हे मलाच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नाही, बर्फ पडलेला नाही. फोटोत दिसतंय ते वरून आलेलंच नाही, ते जागच्या जागी तयार झालंय.

हिम ढगात जन्मतं. शून्याखालच्या थंडीत धुळीच्या एखाद्या कणाभोवती बाष्प जमतं, पाणी न होता थेट स्फटिक बनतं आणि त्याला सहा बाजू फुटतात. असा स्फटिक न वितळता जमिनीवर पोचायचा तर वाटेतली हवाही शून्याच्या आसपास हवी. आपल्याकडे भर थंडीतसुद्धा हवा शून्याला येते ती चार हजार मीटरच्याही वर. महाबळेश्वरची उंची जेमतेम १,३७० मीटर. शिवाय हिम पडायला ढग लागतो, आणि महाबळेश्वरला गवत पांढरं होतं ते नेमकं ढग नसलेल्या रात्री.

आभाळ निरभ्र असलं, वारा पडला, हवा कोरडी असली की जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते, तिला अडवायला ढगाचं पांघरूण नसतं. गवताची पाती, लाकडी फळी, गाडीचा पत्रा हे सगळं भोवतालच्या हवेपेक्षा लवकर गार होतं. गार हवा जड, ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागेत साठते. म्हणून तळ्याचा काठ पांढरा होतो आणि वरचा बाजार कोरडा राहतो. "पण तापमान तर चार-पाच अंश होतं," असं बरेच जण म्हणतात. बरोबर आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, लाकडी झडपांच्या पेटीत असतो. त्याच वेळी खाली गवताशी पारा कितीतरी अंश उतरलेला असू शकतो. पुण्याच्या वेधशाळेतला नीचांक १.७ अंशांचा, १७ जानेवारी १९३५ चा. म्हणजे पेटीतला पारा तेव्हाही शून्याला टेकला नव्हता.

संधी मिळाली तर उजाडायच्या आत स्ट्रॉबेरीच्या शेतात उकिडवं बसून एकच पान पाहा. पानाच्या मध्यावर कधी पारदर्शक, कडक थेंब असतात. ते आधी दव म्हणून जमले आणि मग गोठले. कडेच्या प्रत्येक दात्यावर मात्र बारीक पांढऱ्या सुया उभ्या असतात. त्या कधी पाणी झाल्याच नाहीत, बाष्पाच्या थेट स्फटिक झाल्या. एकाच पानावर दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या दिसतात, आणि आपण दोन्हींना बर्फ म्हणून मोकळे होतो.

याला आपल्याकडे सुरेख शब्द आहे: दहिवर. कवितेत तो साध्या दवालाही येतो, भूगोलात मात्र गोठलेल्या दवाला. बातम्यांत 'हिमकण' लिहितात. चुकीचं म्हणणार नाही, पण त्या शब्दाने काहीतरी वरून पडल्याचा भास होतो. आणि हा फरक केवळ वर्गापुरता नाही. दहिवराने स्ट्रॉबेरीच्या फुलाचा मधला भाग काळा पडला की त्याला फळ धरत नाही. निफाडचे द्राक्ष बागायतदार थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी देतात. हे उपाय लागू पडतात कारण ही थंडी जमिनीलगतची आहे.

'बर्फ' शब्दाचीही गंमत आहे. तो फारसीतून आला आणि फारसीत त्याचा अर्थ भुरभुरणारं हिमच. घट्ट गोठलेल्या पाण्याला तिथे 'यख' म्हणतात. आपल्याकडे हिमच नव्हतं, मग तो शब्द भुशात गुंडाळून येणाऱ्या लादीला आणि गोळेवाल्याच्या गाडीला चिकटला. वस्तू म्हणून दोन्हींत केवढा फरक! ताजं हिम बहुतांशी हवाच असते. दहा सेंटिमीटर थर वितळवला तर जेमतेम एक सेंटिमीटर पाणी निघतं. लादीचं मात्र जवळजवळ तेवढंच पाणी होतं.

आणि आपला जुना 'हिम' कुठे गेला? तो घरातच आहे. हिवाळा, हिवताप, हीव भरणं, सगळी त्याचीच लेकरं. दख्खनमध्ये येईपर्यंत त्यातलं पांढरेपण गळलं आणि गारवा उरला. अमरकोशात हिमाची नावं एका ओळीत येतात: अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय, मिहिका. आणि हिमाचा मोठा साठा असेल तर हिमानी. त्यात दव आहे, धुकं आहे, हिमही आहे. मला ही यादी फार आवडते, कारण हवेतलं पाणी थंडीने दिसू लागतं एवढंच सूत्र त्या सगळ्यांत आहे. माझ्या हजेरीपटात तुषार, तुहिन, नीहार, हिमानी हमखास असतात. त्यातल्या तुषारला शेतकऱ्याने पार पाण्यातच नेला, तुषार सिंचन म्हणजे पिकावर उडणारे फवारे.

पुण्याचा आणि हिमाचा काहीच संबंध नाही असंही समजू नका. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं, त्यावरून त्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव राहिलं. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा तर खुद्द महाबळेश्वरात आहे. आणि पुण्यावर हिम रोजच्या रोज नाही, पण दर वर्षी तयार होतं! वळवाच्या उंच ढगांचा माथा शून्याच्या पातळीच्या पुष्कळ वर असतो, तिथे स्फटिकच असतात. खाली येताना ते वितळतात आणि आपल्याला टपोरे थेंब भेटतात. ढगातल्या जोरदार वाऱ्याने ते वर-खाली होत राहिले, त्यांच्यावर पाण्याचे थर गोठत गेले, की गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने राज्यभर शेतं झोपवली, तेव्हा काही ठिकाणी शिवारं पांढरी झाली होती. तेही हिम नव्हतं. गारा कडक, थर साचवत बनलेल्या, त्यांचा जन्म उंच ढगातल्या खळबळीतला. दहिवराचा जन्म निवांत रात्रीचा.

तेव्हा यंदा महाबळेश्वरला गेलात तर पांढऱ्या गवताजवळचं एखादं मोठं झाड शोधा आणि त्याच्या सावटाखाली पाहा. उघड्यावरचं गवत पांढरं आणि झाडाखालचं हिरवं असेल तर ते दहिवर. उभ्या गाडीखालीही बघा, तिथे कोरडं सापडेल. सूर्य वर यायच्या आत बघा, नंतर तासाभरात सगळं विरघळतं. फोटो जरूर पाठवा, पण सोबत वेळ, जागा आणि झाडाखाली काय दिसलं तेवढं लिहा. पुढच्या वर्षी वर्गात दाखवायला मला तेच फोटो हवे आहेत.