परभणीत मोजे कशाला विणता? तुम्ही विचारलंत म्हणून

"परभणीत राहून लोकरीचे मोजे कशाला विणता हो?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, बँकेच्या लाइनीत झालाय, रेल्वेत तर समोरच्या बर्थवरची प्रत्येक बाई विचारतेच, आणि एकदा चक्क मयताच्या घरी एकीनं हळूच विचारलं, "पिशवीत आहे का गं विणकाम?" होतं. काढलं नाही, पण होतं.

आजपर्यंत मी हसून वेळ मारून नेली. पण गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी त्यांच्या मिस्टरांसाठी एक जोड मागायला आल्या, मी नाही म्हणलं, आणि आता गल्लीत बोलणं चाललंय की हिला भाव चढलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी सोपं उत्तर. मे महिन्यात आपल्याकडं पारा 43-44 ला जातो हे मला कुणी सांगायची गरज नाही, मी जन्मले इथंच. पण डिसेंबरअखेर कृषी विद्यापीठातला आकडा पेपरात येतो ना, पाच, सहा, त्या दिवशी हेच प्रश्नवाले कानाला मफलर गुंडाळून येतात, "काकू, एखादा जोड शिल्लक आहे का?" शिल्लक! म्हणजे काय, भाजी उरलीय का?

शंभराला तीन जोड मिळतात हेही खरंय. माझ्या एका जोडाला तीस तास लागतात. एकदा हिशोब केला होता, 64 टाक्यांची फेरी, पोटरीपासून बोटांपर्यंत, दोन्ही पायांचे मिळून वीस हजाराच्या आसपास टाके. शिवाय पायात टिकेल अशी लोकर इथं मिळत नाही. आपल्या दुकानांत बाळाच्या स्वेटरची अ‍ॅक्रिलिक मिळते, ती घाम पीत नाही, नुसती चिकचिक होते. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेते तरी हाताला कोरडी लागते. मग आपल्या धनगरांच्या मेंढ्यांची घ्या की, असा सल्ला एका भाऊजींनी दिला. भाऊजी, ती घोंगडीची लोकर. घोंगडं पावसात डोक्यावर घेतात, पायाला चोवीस तास घासून बघा एकदा. म्हणून मी मेरिनो मेंढीच्या लोकरीत नायलॉन मिसळलेली बाहेरून मागवते, आणि तिची किंमत घरात कुणाला सांगत नाही.

उन्हाळ्यात तर सगळाच वैताग. घामानं लोकर सुईवरून सरकत नाही, मांडीवर गुंडा ठेवला की मांजर बसल्यासारखं गरम, त्यात लाइट गेली की संपलंच. पहाटे पाच ते सात गच्चीवर, तेवढाच काय तो वेळ. आणि पहिला मोजा हौसेत होतो, दुसरा कर्जाच्या हप्त्यासारखा. माझ्याकडं एकेकटे मोजे किती आहेत ते विचारू नका.

मग कशाला? टाचेसाठी.

स्वेटर म्हणजे शेवटी चार सपाट तुकडे. मोजा मात्र पाच सुयांवर गोल गोल खाली उतरतो आणि एका जागी त्याला पायासारखंच वळायचं असतं. 64 पैकी 32 टाके एका सुईवर घ्यायचे, त्यांच्यावर 32 ओळींची पट्टी विणायची, आणि मग गंमत. अठरा सुलट, दोनाचा एक, एक सुलट, आणि ओळ अर्धी सोडून मागं फिरायचं. पहिला नुसता उचलायचा, पाच उलट, दोनाचा एक, एक उलट, परत फिरायचं. दर वेळी एक टाका जास्त. पहिल्या चार ओळी वाटतं आपण काहीतरी बिघडवून ठेवलंय. आठव्या-नवव्या ओळीला हातात वाटी तयार झालेली असते, न कापता, न शिवता. बत्तीसाचे अठरा टाके उरतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आईला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली, "हां, टाच झाली." तिला त्यात विशेष काही नव्हतं. तिच्या सुया म्हणजे अण्णांच्या सायकलचे जुने स्पोक, सायकलवाल्याकडून दोन्ही टोकं घासून घेतलेले. त्यातले चार अजून आहेत. पाचवा सापडत नाही.

तर अण्णा.

अण्णांना शुगर वीस वर्षं. आधी पायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या, आणि आम्हाला वाटलं चला, बरं झालं. डॉक्टरांनी तळपायाला नायलॉनची बारीक तार टेकवून विचारलं, कळतंय का? अण्णा छताकडं बघत म्हणाले, "टेकवा की मग." टेकवून झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, अनवाणी फिरायचं नाही, मोजे मऊ, काठ घट्ट नको, आत शिवण नको.

मला तर आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. हे तर मला येतं! मोज्याचं टोक मी शिवत नाही, सुईत लोकर ओवून टाक्याला टाका जुळवून मिटवते, हात फिरवला तरी जोड लागत नाही. याला किचनर म्हणतात, 1902 ते 1909 भारतात इंग्रजांचा सरसेनापती होता त्या लॉर्ड किचनरच्या नावावरून. पहिल्या महायुद्धात शिपायांच्या बोटांना मोज्याची शिवण घासायची, म्हणून ही पद्धत निघाली असं सांगतात. हे सगळं मी अण्णांना ऐकवलं. ते म्हणाले, "म्हणजे लॉर्डसाहेबाचे मोजे म्हण की." रंग कॉफी घेतला, मळखाऊ म्हणून.

दुसऱ्या मोज्यात, बोटांच्या जरा अलीकडं, गुंड्यातच कारखान्याची गाठ निघाली. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. बारा फेऱ्या पुढं गेल्यावर बोटाला लागली. बारा फेऱ्या म्हणजे 768 टाके उसवायचे. सकाळी अण्णांना द्यायचे होते, त्यांचा वाढदिवस. मी मोजा उलटा करून बघितला, गाठ आतल्या बाजूला होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. आणि मनात जे आलं ते शब्दाला शब्द आठवतंय: त्यांना कुठं कळणार आहे.

नाहीच कळलं.

अण्णा ते मोजे कॅनव्हासच्या बुटात घालून रोज विद्यापीठाच्या रस्त्यावर फिरायला जायचे, वर भेटेल त्याला थांबवून दाखवायचे, पोरीनं केलेत. नवव्या की दहाव्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "यांच्या खोलीत वास यायलाय गं, उंदीर मेला की काय." मी जाऊन पलंग सरकवला, माळा बघितला. उंदीर नव्हता. मोजा काढला तर करंगळीच्या बुडाशी जखम, आणि कॉफी रंगावर रक्ताचा डागसुद्धा दिसत नव्हता. अण्णा आमच्या तोंडाकडं बघायलेत, काय झालं म्हणून.

करंगळी काढावी लागली.

आता माझी बाजूही ऐका. डॉक्टर म्हणाले बूटही असू शकतो, बूट जुना होता, आतलं अस्तर निघालेलं. शुगर तीनशेच्या वर होती. रोज पाय बघायचा हे सांगितलेलं होतं आणि आम्ही कुणीच बघत नव्हतो, भाऊ तर त्याच घरात राहत होता. मी हे सगळं भावाला एकदा मोठ्या आवाजात सांगितलं, तो म्हणाला, "मी काही म्हणलो का?" नव्हता म्हणला. मोजा घरी आणून, धुऊन, उलटा करून मी जखमेच्या जागेचं माप लावून बघितलंय. गाठ तिथं येते. बुटाचं फाटलेलं अस्तरही तिथंच येतं.

त्यानंतर दोन वर्षं मी सुयांना हात लावला नाही. मग एका भाचीच्या बाळंतपणात टोपडं केलं, आणि पुढच्या थंडीत मोजे. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचे की मनाला शांती मिळते, मेडिटेशनच आहे बघा. कसली शांती. बोट आत घालून प्रत्येक फेरी चाचपत असते मी. लोकरीत गाठ आली की तिथंच कापते, आणि लक्षात यायला उशीर झाला तर चाळीस फेऱ्यासुद्धा उसवते. नवरा म्हणतो, तू विणतेस कमी आणि उसवतेस जास्त.

आणि ज्याच्यावर मला खरंच उत्तर नाही ते हे. अण्णांनी नंतरच्या एका हिवाळ्यात विचारलं होतं, "औंदा मोजे नाही केलेस गं?" मी म्हणलं, वेळ नाही झाला अण्णा. तेव्हा पिशवीत दुसऱ्या कुणाचा तरी जोड अर्धा झालेला होता, आणि पिशवी त्यांच्याच पलंगावर होती. त्यांनी ती बघितली असणार. काही बोलले नाहीत, मी पण नाही. पुढं दोन हिवाळ्यांनी ते गेले.

वहिनींच्या मिस्टरांना शुगर आहे. म्हणून नाही म्हणलं वहिनी, भाव चढण्याचा काही प्रश्न नाही. शिवण नसलेले मोजे दुकानात मिळतात, ते घ्या, आतून-बाहेरून बघून घ्या, आणि रात्री त्यांचा तळपाय उजेडात धरून बघत जा, बोटांच्या बेचक्यातसुद्धा.

तुम्ही त्या दिवशी कालनिर्णयच्या पानामागं त्यांचं पाऊल आखून आणलं होतं ते परत न्यायला विसरलात. माझ्याकडंच आहे. पाऊल बारीक आहे त्यांचं, साठ टाके पुरतील.