त्सिंत्सुंत्सानच्या मक्याच्या शेतात

मोरेलियाहून किरोगापर्यंत बस, तिथून पुढे गच्च भरलेली व्हॅन. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात, पात्स्क्वारो सरोवराच्या काठी वसलेलं त्सिंत्सुंत्सान आज लहानसं गाव आहे, पण स्पॅनिश येण्याआधी ते पुरेपेचा राज्याची राजधानी होतं. पुरेपेचा भाषेत नावाचा अर्थ ‘हमिंगबर्डांची जागा’. दोन-तीनदा भराभर म्हणून पाहा, पंखांची फडफड ऐकू येते! इथल्या लोकांना स्पॅनिशांनी ‘तारास्कन’ म्हटलं. ते स्वतःला पुरेपेचा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

गावाच्या वरच्या अंगाला सुमारे 450 मीटर लांबीचा चौथरा आहे आणि त्यावर ओळीने पाच याकाता. याकाता म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली दगडी वास्तू: एका अंगाला लांबट चौकोन, दुसऱ्या अंगाला गोल बुरूज. यांच्या माथ्यावर कुरिकावेरी देवाची लाकडी देवळं असत, तिथे अग्नी धगधगता ठेवत. एका ठिकाणी बाहेरचं आवरण निखळलंय, तिथून आतलं पोट दिसतं. नुसते सुटे धोंडे! बाहेरून मात्र ज्वालामुखीच्या दगडाच्या फरश्या चुन्याशिवाय इतक्या नेटक्या बसवल्यात, की मी बराच वेळ सांधेच बघत राहिले.

1930च्या दशकापासून उत्खननं झाली ती मुख्यतः या चौथऱ्याभोवती. पण राजधानीत राजा आणि पुजारीच राहत नव्हते ना? 1970 साली पुरातत्त्वज्ञ हेलन पोलार्ड यांनी आजूबाजूची शेतं, उतार पायी पालथे घातले. जमिनीवर पडलेल्या खापऱ्या, ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे तुकडे कुठे कोणते सापडतात, हे नोंदवत गेल्या. रंगीत, नक्षीदार भांडी कुठे जास्त, काचेची पाती घडवताना उडालेल्या कपच्या कुठे, यावरून सरदारांची वस्ती आणि कारागिरांची वस्ती वेगळी ओळखता आली. जवळजवळ 7 चौरस किलोमीटरचं, 25 ते 35 हजार माणसांचं शहर डोळ्यांसमोर उभं राहिलं. मला हे काम फार मोठं वाटतं.

खाली फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या मठात गेले. 1530 मध्ये स्पॅनिश सरदार नुन्यो दे गुझमानने शेवटचा राजा तांगाश्वान याला ठार मारलं. पुढे मठ बांधला तो याकातांचे दगड काढून. भिंतीत एका दगडावर गोल गोल वळत गेलेली रेघ कोरलेली आहे. ती कुठल्या याकाताची, कुठल्या थरातली, कोण सांगणार? मी बोटानं हवेतच तिची वळणं गिरवली.

मठाच्या आवारात गवताच्या टोपल्या विकणाऱ्या आजी म्हणाल्या, “नांगर घातला की खापऱ्या निघतातच.” परतताना मक्याच्या बांधावर मलाही एक दिसली. अंगठ्याएवढी, लाल, कडेला पांढरी रेघ. वाकून उचलली, तळहातावर घेऊन पाहिली, आणि मातीत तिचा जो खळगा राहिला होता, त्यातच परत ठेवली.