हार्ड डिस्क गेली, किल्ले वाचले

गेल्या आषाढात एका रात्री लॅपटॉपमधून टक्... टक्... टक् असा आवाज यायला लागला. वडगावात पाऊस नुसता कोसळत होता, म्हणून आधी वाटलं पागोळीच पडतेय पत्र्यावर, पण कान लावून बघितला तर आवाज तळहात टेकतो ना, त्याच्या बरोबर खालून. फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागायला लागली आणि मग स्क्रीन जागच्या जागी थांबली.

त्या डिस्कवर माझे किल्ले होते. बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात हे इथल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो की हे काम म्हणजे दोन विटा आणि चिखल एवढंच नसतं, पोरं नकाशा बघून राजगडाच्या माच्या काढतात, पोती माती आणतात, अळीव पेरून हिरवळ उगवतात. 2012 पासून दर दिवाळीला मी गाडी काढून शहापूर, अनगोळ, येळ्ळूर असं फिरतो आणि फोटो काढतो. कारण दिवाळी संपली की किल्ला मोडतातच, मग मागं उरतो तो फक्त फोटो. 2018 पर्यंतचे दुसरीकडं ठेवलेले होते. पुढचे सगळे, अडीच हजारांच्या आसपास, फक्त ह्याच डिस्कवर.

सकाळी मार्केटातल्या एका दुकानात नेला. त्यानं आवाज ऐकला आणि लगेच म्हणाला, "हार्ड डिस्क होगैत्रि (म्हणजे गेली). नवीन घालूया, विंडोज मारून देतो, संध्याकाळी न्या." फोटोंचं काय म्हटलं तर "ते गेले समजा". आणि हे बोलता बोलता त्यानं तीनदा लॅपटॉप बंद-चालू केला, प्रत्येक टक् ला माझ्या पोटात गोळा येत होता. उचलला आणि घरी आलो.

बेंगळुरात मावसभाऊ आहे, तो ह्याच कामात असतो. फोन केला तर पहिलं वाक्य, "आधी बंद कर बे ते, चालू ठेवून काय करूलास?" मग त्यानं नीट समजावलं. आतली तबकडी मिनिटाला 5400 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 90 फेऱ्या, आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड! हेडला आपली जागा सापडली नाही की ते मागं येतं, परत जातं, परत मागं, तोच हा टक्. अशा डिस्कवर जेवढा वेळ काम कराल तेवढं नुकसान वाढतं. फ्रीजमध्ये ठेवायचे उपाय लोक सांगतात ते अजिबात करू नका, आत दव धरतं. घरात डिस्क उघडायची तर बातच नको, एक धुळीचा कण पुरतो. आणि आवाज थांबतच नसेल, लॅपटॉपला डिस्क दिसतच नसेल, तर सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्यायची, महाग पडलं तरी.

माझी अजून दिसत होती, टकटक अधूनमधून होती, म्हणून आम्ही प्रयत्न करायचं ठरवलं. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम) घेतलं, त्यावरनं लॅपटॉप चालू केला आणि डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं 1 टीबीच्या बाहेरच्या ड्राइव्हवर अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढायला घेतली. हा प्रोग्राम आधी चांगला भाग पटापट उचलतो, खराब जागा सोडून पुढं जातो आणि शेवटी त्यांच्याकडं परत येतो. कुठं पोचलो ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतो. भाऊनं दोनदा बजावलं होतं की ती मॅपफाइल बाहेरच्या ड्राइव्हवरच ठेव, पेनड्राइव्हवरचं लिनक्स सगळं रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, चालतं, बंद पडलं की पुसून जातं. तसंच झालं. पहाटे तीनला करंट गेला, लॅपटॉपची बॅटरी तर कधीच मेलेली, सगळं काळं. पण करंट आल्यावर तीच कमांड परत दिली तर जिथं थांबलं होतं तिथनंच पुढं चालू झालं. ही एक गोष्ट लक्षात ठेवा बाबांनो. आणि कमांड देताना कुठनं आणि कुठं हे तीनदा बघा, उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर छापली जाते.

दोन दिवस आणि एक रात्र लागली. शेवटी 99.98 टक्के आलं.

बदलायचं काम त्यामानानं सोपं. चार्जर काढला, बॅटरी काढली, मागचे स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, डिस्क बाजूला सरकवून कनेक्टरमधनं सोडवली, तिची पत्र्याची फ्रेम नव्या एसएसडीला (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) लावली. जुनी साडेनऊ मिलिमीटर जाड, नवी सात, म्हणून आत हलत होती, मध्ये प्लॅस्टिकची पट्टी बसवावी लागली. जुनी 500 जीबी आणि नवी 480, म्हणून इमेज जशीच्या तशी बसणारच नव्हती, विंडोज नव्यानं टाकलं. नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झालं, आमच्याकडं लायसन्स मदरबोर्डला, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटला, जोडलेलं होतं. लॅपटॉप आता पंधरा सेकंदात उघडतो. पण एसएसडी जाताना बहुतेक वेळा आवाजसुद्धा करत नाही, म्हणून फोटो आता दोन ड्राइव्हवर, त्यातला एक बहिणीकडं खानापुरात.

अकरा फोटो मात्र खराब निघाले, वरचा अर्धा भाग ठीक आणि खाली नुसता करडा रंग. त्यातले चार येळ्ळूरच्या 2021 च्या राजगडाचे. ज्या पोरांनी तो केला होता त्यांच्यातला एक आता आयटीआयला जातो, त्याला शोधून काढलं. त्याच्या आईच्या जुन्या मोबाइलमध्ये तोच राजगड निघाला, पद्मावती माचीवर पणत्या लावलेला, बाजूला सगळी टोळी उभी. माझ्या फोटोत पोरं नव्हतीच.