परक्या शहरातली हाफ मॅरेथॉन: पोहोचल्यापासून परतेपर्यंत

बॅग आलीच नाही. सामानाचा पट्टा रिकामा फिरत राहिला आणि थोड्या वेळाने थांबला. शर्यत परवा पहाटे. काउंटरवर तक्रार नोंदवून बाहेर पडताना पाठीवरची सॅक चाचपली, बोटांना बुटाची टाच लागली आणि जिवात जीव आला. बूट, मोजे, धावायचे कपडे, घड्याळ, धावताना ऊर्जेसाठी घ्यायच्या जेलची पाकिटं आणि नोंदणीचे कागद मी नेहमी सोबतच्या सॅकमध्ये ठेवते. बाकी सगळं विकत मिळतं, पायाला सरावलेले बूट मिळत नाहीत. जेलची गणना मात्र द्रवपदार्थांत होते. आंतरराष्ट्रीय विमानात बहुतेक ठिकाणी १०० मिलीलिटरची मर्यादा असते, तेव्हा छोटी पाकिटं घ्या आणि पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवा.

बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर आली. तोवर माझी कामं झाली होती.

हे शहर घड्याळाने साडेतीन तास पुढे. म्हणजे सकाळी सहाची शर्यत माझ्या शरीराला मध्यरात्री अडीचची. नव्या वेळेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण तासाला एक दिवस लागतो, आणि पश्चिमेपेक्षा पूर्वेकडे जाणं जड जातं. म्हणून निघण्याआधी चार दिवस रोज अर्धा तास लवकर झोपले, लवकर उठले. दोन तास घरीच वसूल झाले. उरलेल्या दीड तासासाठी पोहोचल्यावर दोन्ही दिवस सकाळच्या उन्हात चालले आणि दुपारी डोळे कितीही मिटत असले तरी आडवी झाले नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, हे मी आता धरूनच चालते. त्याच्या आधीची रात्र जपायची.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक, पहिल्याच दिवशी घेऊन या. शेवटच्या दिवशी रांगेत तासभर उभं राहिलं की पोटऱ्या दुसऱ्या दिवशी हिशोब मागतात. ओळखपत्राची मूळ प्रत लागते. काही देशांत डॉक्टरचं प्रमाणपत्रही मागतात, म्हणून नियम तिकीट काढण्याआधी वाचा. बिबच्या मागे तातडीच्या संपर्काची जागा असते, ती बहुतेक जण कोरी सोडतात. परगावी तसं करू नका. घरचा नंबर देशाच्या कोडसकट लिहा, हॉटेलचं नाव लिहा, काही औषध चालू असेल तर तेही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. आदल्या दिवशी मी मार्गाचे शेवटचे तीन किलोमीटर चालत पाहून आले. अख्खा मार्ग बघायची गरज नाही, आणि तेवढी पायपीट परवडतही नाही. नकाशात सपाट दिसणारा नदीवरचा पूल प्रत्यक्षात मध्यापर्यंत चढत जातो, हे मला तिथे कळलं. पूल उतरल्यावर फिनिश लाईन दिसत नाही. एक डावं वळण घेतलं की मगच कमान समोर येते. त्या वळणावर एक पिवळा दिव्याचा खांब आहे, तो लक्षात ठेवला.

हॉटेलचा नाश्ता सातला सुरू होणार होता आणि शर्यत सहाची, तेव्हा घरी लांब पल्ल्याच्या आधी जे खाते तेच सोबत आणलं होतं, ते साडेतीनला उठून खाल्लं. रस्ते बंद असल्याने टॅक्सी स्टार्टपर्यंत जात नाही. मी मुद्दाम चालत पोहोचता येईल असं हॉटेल घेतलं होतं, त्याचे थोडे जास्त पैसे गेले ते सार्थकी लागले.

हवा दमट होती. दमट हवेत घाम नुसता निथळतो, उडून जात नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. माझ्याकडे दोन होते. घरी मी ५:३० च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटं या वेगाने धावते, इथे ५:५० ठरवला आणि पहिले पाच किलोमीटर लोक भराभर पुढे जात असताना तो सोडला नाही.

नवव्या किलोमीटरला बोगदा लागला आणि घड्याळाने ३:४० चा पेस दाखवला. बोगद्यात, उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतोच. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर विश्वास ठेवा. प्रमाणित मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर हे चाकाचे फेरे मोजणारं यंत्र लावून मोजतात, तोही सगळ्यात जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवून. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. वळणं रुंद घेतली तर तुमचं घड्याळ हाफ मॅरेथॉनच्या २१.१ किलोमीटरऐवजी २१.३ किंवा त्याहून जास्त दाखवणार. मी दर पाटीला घड्याळातलं लॅपचं (टप्प्याची वेळ नोंदवणारं) बटण हाताने दाबते. पाण्यासाठी पहिल्या टेबलावर झुंबड उडते, शेवटच्या टेबलापाशी जा.

एकोणिसाव्या किलोमीटरला तो पूल आला. माझ्या शेजारचा माणूस चढावर थांबला, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. मी हाताने पुलाचा उंचवटा दाखवला, मग उतार, मग डावं वळण, आणि अंगठा वर केला. तो हसला आणि चालू लागला, मग हळूहळू धावू लागला. पिवळ्या खांबाशी आम्ही बरोबरच वळलो. माझी वेळ २ तास ३ मिनिटं. त्या हवेत यापेक्षा चांगली शर्यत मी धावू शकले नसते.

परतीचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. शर्यतीनंतर लगेच तासन्‌तास एका जागी बसलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघाले. खोली दुपारपर्यंत मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारून ठेवलं होतं. विमानात वाटेकडची जागा घेतली, तासातासाला उठून चालले, बसल्या जागी घोटे फिरवत राहिले आणि पाणी पीत राहिले. ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सॅकमध्येच ठेवले होते.