इंदूरच्या गच्चीवर परदेशी वाहिन्यांची डिश: सुरुवात दक्षिणेकडून करा

घरावरची दीड-दोन फुटी डीटीएच डिश परदेशी वाहिन्यांसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, हे आधी मान्य करावं. ती केयू बँडची, म्हणजे जास्त फ्रीक्वेन्सीच्या लहरींसाठीची असते आणि केयू बँडचे झोत उपग्रह बहुतेक वेळा एखाद्या देशावर रोखून सोडतो. बँकॉकसाठी सोडलेला केयू झोत माळव्यात पुरेशा जोराने पोचेलच असं नाही. सी बँडचं, म्हणजे कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरींचं, तसं नाही. ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्‌झमधले त्याचे झोत अर्धा आशिया व्यापतात, आणि धुवाधार पावसातही चित्र सहसा टिकतं. म्हणून थाई, फ्रेंच, जपानी, अरबी अशी कुठलीही भाषा घरात ऐकू यावी असं वाटत असेल, तर सी बँडची मोठी डिश हाच खरा रस्ता.

मोठी म्हणजे किती? जोरदार सिग्नलसाठी ६ फुटी जाळीची डिश चालते, ८ फुटी घेतली तर निश्चिंती. नवीन घेण्याआधी मोहल्ल्यातल्या जुन्या केबलवाल्याकडे चौकशी करा. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आलं ते १०५.५ अंश पूर्वेवरच्या एशियासॅट १ वरून. तेव्हापासून बसवलेल्या कितीतरी डिश आज केबलवाल्यांच्या छतांवर बंद पडून आहेत. जाळी गंजून फाटलेली नसेल आणि आकार बिघडलेला नसेल, तर जुनी डिश नव्या हलक्या डिशपेक्षा चांगली निघते, कारण तिच्या फासळ्या जाड असतात.

आकार तपासायला दोन दोऱ्या पुरतात. डिशच्या काठावर एकमेकींना काटकोनात दोन दोऱ्या ताणून बांधा. मधोमध त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. फट अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर डिश मुरगळली आहे. फासळ्यांचे बोल्ट ढिले करून, काठ सरळ करून पुन्हा आवळा. सी बँडची लहर सुमारे ७.५ सेंटीमीटरची असते, त्यामुळे अर्ध्या सेंटीमीटरची चूकही क्वालिटीत, म्हणजे रिसीव्हर दाखवतो त्या सिग्नलच्या दर्जाच्या आकड्यात, दिसते.

आता दिशा. इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यावरून निघणारे कोन असे (उपग्रहाबरोबरचा अंश म्हणजे तो ज्या पूर्व रेखांशावर आहे तो, आणि उंची म्हणजे क्षितिजापासून वरचा कोन): ७८.५ अंशावरच्या थायकॉमसाठी दिगंश १७३, उंची ६३. ६८.५ वरच्या इंटेलसॅट २० साठी दिगंश १९८.५, उंची ६२. १००.५ वरच्या एशियासॅट ५ साठी दिगंश १३०, उंची साडेएक्कावन. १०५.५ वरच्या एशियासॅट ७ साठी दिगंश १२४, उंची ४७. दिगंश उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचा, म्हणजे दक्षिण १८०.

बहुतेक लोक १०५.५ पासून सुरुवात करतात, कारण जुने मेकॅनिक तेच सांगतात. पहिली डिश बसवणाऱ्याने तसं करू नये, असं आमचं ठाम मत आहे. थायकॉमपासून सुरुवात करा. तो जवळजवळ थेट दक्षिणेला आहे, उंच आहे, आणि त्याच्यावर थाई वाहिन्यांचा मोठा भरणा आहे. रामबागेसारख्या दाट वस्तीत उंचीचा हा फरक फार मोलाचा ठरतो. थायकॉमच्या दिशेने १० मीटरवर इमारत असेल, तर ती डिशपेक्षा जवळपास २० मीटर उंच असली तरी अडथळा होत नाही. १०५.५ च्या वाटेवर मात्र तेवढ्याच अंतरावरची ११ मीटरची भिंतही सिग्नल खाऊन टाकते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही: एलएनबी, म्हणजे डिशसमोर बसवलेली सिग्नल झेलणारी डबी, तिचा तिरका फिरवण्याचा कोन. उपग्रहाच्या आडव्या आणि उभ्या लहरी त्याच्या स्वतःच्या रेखांशावर आडव्या-उभ्या असतात. आपल्याला त्या कललेल्या दिसतात. आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे पूर्व-पश्चिमेच्या उपग्रहांसाठी हा कल झपाट्याने वाढतो. थायकॉमसाठी इंदुरात तो फक्त ६ अंश आहे. इंटेलसॅट २० साठी १७. एशियासॅट ५ साठी ४५ आणि एशियासॅट ७ साठी जवळजवळ ५० अंश! एलएनबी सरळ बसवून १०५.५ शोधत बसलात, तर दिगंश आणि उंची अचूक असूनही आडव्या-उभ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि क्वालिटी शून्यावर राहते. मग लोक डिशला दोष देतात. डिशमागे उभं राहून आकाशाकडे तोंड केलं, तर पूर्वेच्या उपग्रहांसाठी एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची, पश्चिमेच्या उपग्रहांसाठी सुलट.

खांब ओळंब्यात हवा, अगदी काटेकोर. थोडा जरी कलला, तरी डिश बाजूला फिरवताना उंचीही बदलत जाते आणि मग शोध संपत नाही. ८ फुटी डिशला ३ इंची जीआय पाइप घ्या. जमिनीत रोवायचा असेल तर आपली काळी माती लक्षात ठेवा: पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. काळा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत खणा, तिथून काँक्रीट भरत वर या. गच्चीवर स्टँड ठेवायचा तर पाय बीम किंवा कॉलमवर येतील अशी जागा निवडा आणि अँकर फास्टनर तिथेच मारा. नुसत्या कोब्यात मारलेला फास्टनर पहिल्या वादळात उखडतो आणि छत गळतं ते वेगळंच. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात बंद पत्र्याच्या ८ फुटी डिशवर अडीचशे किलोच्या आसपास दाब येतो. गच्चीवर जाळीचीच डिश लावा.

डिश जोडली की एलएनबी किती उंचीवर धरायची, हे कंपनीच्या कागदावरून नको, मोजून ठरवा. व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळा पट, म्हणजे फोकसचं अंतर. व्यास २४० सेंटीमीटर आणि मधली खोली ४० असेल, तर ५७६०० भागिले ६४०, बरोबर ९० सेंटीमीटर. फोकस एलएनबीच्या तोंडाच्या साधारण अर्धा सेंटीमीटर आत यावा, म्हणून डिशच्या तळापासून तोंड साडेएकोणनव्वदवर ठेवा. ९० ला २४० ने भागलं की ०.३७५ मिळतं. एलएनबीच्या अंगावर ०.३६, ०.३८, ०.४० अशा खुणा असतात. भोवतालची कड्यांची तबकडी ०.३८ च्या खुणेवर आवळा. मग काठावरच्या तीन ठिकाणांहून तोंडापर्यंतचं अंतर टेपने मोजा. तिन्ही सारखी आली, तरच एलएनबी मधोमध आहे.

एलएनबी घेताना '५जी फिल्टर' असलेलीच घ्या. भारतात ५जीला ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा दिलेला आहे, सी बँडच्या अगदी शेजारी. जुनी ३.४ पासून ऐकणारी एलएनबी जवळच्या टॉवरच्या आवाजाने बधिर होते. लक्षण ओळखणं सोपं आहे: सिग्नलची स्ट्रेंग्थ भरगच्च, पण सगळ्या वाहिन्यांची क्वालिटी एकाच वेळी कोसळते. अशा वेळी केबलमध्ये लावलेला फिल्टर काही कामाचा नाही, कारण बिघाड एलएनबीच्या आतच होऊन गेलेला असतो. फिल्टर एलएनबीच्या आधी, तोंडाशीच हवा. त्याने ३.७ च्या खालच्या वाहिन्या जातात, त्याला इलाज नाही.

केबल आरजी-६, ७५ ओहमची. ३० मीटरपर्यंत वेगळं काही करावं लागत नाही. एफ कनेक्टर दाबून बसवायचा घ्या, पिळून बसवायचा नको. जेल रोडवर दोन्ही मिळतात. मधली तार कनेक्टरच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसावी आणि केबलच्या आतल्या जाळीचा एकही केस तिला लागू नये, नाहीतर रिसीव्हर शॉर्ट दाखवतो. केबल जोडताना रिसीव्हर बंद ठेवा. एलएनबीजवळ केबलला खाली एक झोल द्या आणि जोडावर स्वतःत चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. पाणी एकदा केबलच्या जाळीत शिरलं की झिरपत खोलीपर्यंत येतं. खांबाला ८ नंबरच्या जीआय तारेने अर्थिंग द्याच. मे-जूनमधल्या विजांना माळव्यात कमी लेखू नये.

रिसीव्हर डीव्हीबी-एस२ आणि एमपेग-४ चा हवा, ब्लाइंड स्कॅन, म्हणजे फ्रीक्वेन्सी न टाकताही वाहिन्या शोधायची सोय, असलेला. फ्री डिशचा जुना एमपेग-२ डबा इथे चालत नाही. मेन्यूत एलएनबीचा आकडा ५१५० टाका. ३८४० मेगाहर्ट्‌झची वाहिनी केबलमधून ५१५० वजा ३८४०, म्हणजे १३१० वर उतरते. हा आकडा ९७५० राहिला तर काहीच सापडणार नाही.

दक्षिण ठरवताना लोखंडी डिशजवळ मोबाइलचा होकायंत्र धरू नका, तो भलतीकडे दाखवतो. सावली जास्त खरी. इंदुरात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात १२ वाजता नाही. ऋतूप्रमाणे १२ वाजून १० मिनिटांपासून ते १२:४१ पर्यंत. त्या दिवसाची वेळ पाहून ओळंब्याच्या सावलीवर खडूने रेघ मारा: तीच उत्तर-दक्षिण. जूनमध्ये हा उपाय सोडून द्या, कर्कवृत्त इतकं जवळ आहे की दुपारी सावली उरतच नाही.

उंचीसाठी डिशच्या काठावर वरपासून खालपर्यंत सरळ लाकडी पट्टी टेकवा आणि तिच्यावर कोनमापक ठेवा. थायकॉमसाठी पट्टी आडव्या पातळीपासून २७ अंशांवर हवी. ती पक्की करून डिश फक्त डावी-उजवीकडे फिरवा, एका वेळी बोटभर, आणि दर वेळी दोन सेकंद थांबा. रिसीव्हरचा आकडा उशिरा बदलतो. ८ फुटी डिशचा झोत जेमतेम २ अंशांचा असतो, घाईत तो निसटून जातो. स्ट्रेंग्थकडे बघू नका, ती रिकाम्या आकाशाकडेही भरलेली दिसते. पाहायची ती क्वालिटी. भारतीय बातम्यांच्या वाहिन्यांची गर्दी आली, तर तुम्ही बहुधा ८३ अंशावर, म्हणजे १६२ दिगंशावर गेलात. ११ अंश पश्चिमेकडे या. क्वालिटी मिळाली की उंची, मग दिगंश, मग एलएनबीचा फिरवलेला कोन, या क्रमाने थोडं थोडं हलवून सगळ्यात वरचा आकडा गाठा आणि बोल्ट आळीपाळीने आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर डिश सरकते.

स्कॅनमध्ये नावापुढे डॉलरचं चिन्ह दिसलं तर ती वाहिनी कुलूपबंद आहे. ती फोडून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. बेकायदा तर आहेच, शिवाय आज चालली तर उद्या बंद. मोफत वाहिन्यांची यादीही बदलत राहते, म्हणून लिंगसॅट या उपग्रह वाहिन्यांच्या याद्या देणाऱ्या संकेतस्थळावर अधूनमधून नजर ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा ब्लाइंड स्कॅन करा.

१०५.५ आणि १००.५ ही जोडी पुढे एकाच ८ फुटी डिशवर घेता येते. डिश १०५.५ वर रोखा आणि १००.५ ची एलएनबी डिशमागून पाहता डावीकडे आणि जवळजवळ तितकीच खाली, अशी तिरक्या रेषेत ९ ते ११ सेंटीमीटरवर लावा. दोन्ही डायसेक स्विचला जोडा, म्हणजे एकाच केबलवर रिसीव्हर हवी ती एलएनबी निवडतो. थायकॉम आणि ७६.५ चा ॲपस्टार ७ असे एकत्र येत नाहीत, कारण त्यांच्या फोकसमधलं अंतर ३-४ सेंटीमीटर आणि एलएनबी त्याहून जाड.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रोज काही मिनिटं चित्र जातं, तेव्हा काहीही हलवू नका. सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. त्या मिनिटांत गच्चीवर जाऊन पाहा: एलएनबीची सावली डिशच्या मधोमध पडली असेल तर रोख अचूक आहे. सावली एका बाजूला सरकलेली दिसली तर चित्र परत आल्यावर, क्वालिटीचा आकडा समोर ठेवून, रोख थोडा थोडा सुधारा.