राजदूत ३५०: नवा एअर फिल्टर आणि दोन कार्बोरेटरांचा मेळ

एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८३ पासून भारतात बनवलेली राजदूत ३५० ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल आजही रस्त्यावर ठेवणारे बहुतेक जण फिल्टर बदलणे हे ऑइल बदलण्याइतकेच किरकोळ काम समजतात. माझे मत नेमके उलट आहे. गाडीचे जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेट नावाच्या बारीक छिद्रांच्या आकाराची निवड, कोणत्या ना कोणत्या फिल्टरला धरून केलेले असते, आणि तो फिल्टर वर्षानुवर्षे धुळीने कोंदलेला असेल तर त्या कोंदलेपणालाही धरून केलेले असते. म्हणजे मूळ पद्धतीचाच स्वच्छ फिल्टर बसवला तरी आधीच्या एखाद्या मेकॅनिकने सोयीसाठी लहान केलेला जेट आता अपुरा पडू शकतो. मूळ एअर बॉक्स (फिल्टरची बंद पेटी) काढून दोन उघडे कोन फिल्टर लावले, तर तो हमखास पडतो.

कारण साधे आहे. हवेच्या वाटेतला अडथळा कमी झाला की जास्त हवा आत येते, परंतु जेटमधून पेट्रोल वर खेचणारी ओढ त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ पट. म्हणून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या जेटमधून गेले की मिश्रण आणखी लीन होते. हे दोन्ही परिणाम एकत्र आले की टू-स्ट्रोकच्या पिस्टनचे काही खरे नसते.

जेटला हात लावण्यापूर्वी इतर वाटांनी हवा आत शिरत नाही ना, हे पाहावे. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधील रबरांना वयोमानाने बारीक चिरा पडतात. क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) डावीकडचे सील गेले असेल, तर त्या बाजूचे सिलिंडर बाहेरची हवा ओढते आणि एकटेच लीन चालते. उजवीकडचे गेले, तर क्लच केसमधले ऑइल ओढले जाऊन पांढरा धूर येतो. या दुखण्यांवर जेटिंग हा इलाज नव्हे. कार्बोरेटरातील पेट्रोलची उंची राखणाऱ्या दोन्ही फ्लोटची पातळी सारखी असल्याची खात्री मात्र याच टप्प्यावर करून घ्यावी.

मी सुरुवात नेहमी मेन जेटपासून, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल पुरवणाऱ्या जेटपासून, करतो, कारण पूर्ण थ्रॉटलला झालेली चूक सर्वांत महागात पडते. दोन्ही बाजूंना मुद्दाम मोठे जेट बसवावेत, गाडी वरच्या आरपीएमला भरडल्यासारखी अडखळू लागली तर सुरुवात योग्य झाली असे समजावे आणि तेथून एकेक आकार खाली यावे. जेट एकाच कंपनीचे घ्यावेत. मिकुनी आणि केहिन या कार्बोरेटर कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. पोर्सेलिनच्या तळाशी तपकिरी कडे दिसले तर ठीक. पांढरेफटक दिसले तर लगेच मोठ्या जेटकडे परतावे.

पाव ते पाऊण थ्रॉटलचा पट्टा जेटमध्ये वरखाली होणाऱ्या सुईच्या, म्हणजे निडलच्या, हाती असतो. तिच्यावरची क्लिप एक खाच खाली घेतली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त असलेले) होते. शहरात गाडी बहुतांशी याच पट्ट्यात चालते. तरीही या खाचेकडे दुर्लक्ष करून लोक मेन जेटच बदलत बसतात, याचे मला नवल वाटते. आयडलिंगसाठी एअर स्क्रू पूर्ण आवळून साधारण दीड फेरा सोडावा आणि इंजिनचा वेग सर्वाधिक होईल तेथे थांबवावा. तो बिंदू पाऊण फेऱ्याच्या आतच आला तर आयडलिंगला पेट्रोल देणारा पायलट जेट लहान आहे. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेला तर मोठा आहे.

आता दोहोंचा मेळ. फिल्टर काढून ठेवावेत, दोन्ही स्लाइडखाली (थ्रॉटलबरोबर उचलल्या जाणाऱ्या कार्बोरेटरातील दट्ट्यांखाली) एकाच मापाचे ड्रिल बिट सरकवून आयडल स्क्रू सारखे करावेत आणि थ्रॉटल अगदी सावकाश फिरवून दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का, हे बोटांनी तपासावे. फरक असल्यास वरचे केबल अ‍ॅडजस्टर फिरवावेत. गाडी सुरू करून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला की उरलेला फरक जाणवतो. हे झाल्यावर इंजिनात ऑइल सोडणाऱ्या ऑइल पंपाची जुळणीची खूण पाहिल्याशिवाय काम पूर्ण समजू नये, कारण पंपाची केबल त्याच थ्रॉटलला जोडलेली आहे आणि केबलचा ताण बदलला की ऑइलचे प्रमाणही बदलते.

पुण्यात जुळवलेली गाडी ताम्हिणी उतरून कोकणात न्यायची असेल, तर आणखी थोडी काळजी घ्यावी. समुद्रसपाटीला हवा दाट असल्याने मिश्रण पुन्हा किंचित लीन होते. शिवाय उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिन ब्रेकिंग केले, तर आरपीएम चढलेले असूनही पंप फार थोडे ऑइल देतो. अशा वेळी मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा फिरवावा आणि खाली पोहोचल्यावर दोन्ही प्लग पाहून घ्यावेत. रंग फिका वाटला, तर निडल एक खाच वर उचलूनच पुढचा प्रवास करावा.